भात सोडावा का? : एका जुन्या पथ्याचा इतिहास

पावसाळ्यात गारगोटीला विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यासाठी जाण्याचा योग आला. वेदगंगेच्या काठाने ऊस उभा होता, खाचरांतली रोपलावण नुकतीच आटोपली होती आणि वर पाटगावच्या अंगाला डोंगरउतारावर नाचणी हिरवी दिसत होती. दुपारी पंगत बसली. ताटात भात, आमटी, भाकरी, मटकीची उसळ आणि कांदा-लसणीची चटणी. आमच्या शेजारी बसलेल्या एका शिक्षकांनी भात आणि भाकरी दोन्ही नको म्हणून सांगितले व नुसत्या उसळीवर जेवण भागवले. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, चार महिने झाले, धान्य सोडलंय. साखर उतरली, पाच किलो वजन गेलं. पण मागच्या महिन्यात फळ्यापाशी घेरी येऊन पडलो. पोरं घाबरली."

समोर बसलेले दुसरे गुरुजी लगेच म्हणाले, "आमच्या आज्ज्यानं जन्मभर भाकरी खाल्ली. चुलीएवढी एकेक भाकरी. त्याला कुठं झाली साखर?"

या दोन वाक्यांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. पहिल्या गुरुजींना फायदाही झाला आणि अपायही झाला. दुसऱ्यांच्या आजोबांना धान्याने काहीच केले नाही. मग धान्य हा शत्रू आहे की नाही? शिक्षकाला हा प्रश्न स्वतःच्या ताटापुरता सोडवून भागत नाही. वर्गात आहाराचा धडा त्यालाच शिकवायचा असतो, आणि गावातले लोकही त्यालाच विचारतात. उत्तर शोधण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ. कर्बोदके कमी करण्याचे पथ्य नवे नाही. त्याला सव्वादोनशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग आपल्या महाराष्ट्रात घडलेला आहे.

गोड लघवीचे कोडे

लघवी गोड होणारा आजार आपल्या प्राचीन वैद्यांना माहीत होता. चरकसंहितेत प्रमेहाच्या कारणांमध्ये बैठे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे व पथ्य म्हणून जवाच्या पदार्थांवर भर दिला आहे. सुश्रुतसंहिता याहून एक बारीक भेद करते. जन्मतः येणारा प्रमेह वेगळा आणि चुकीच्या आहाराने जडणारा वेगळा. पहिल्याचा रोगी कृश असतो, त्याला पोसायचे. दुसऱ्याचा स्थूल असतो, त्याला हलके करायचे. या वर्णनात आजचे शरीरक्रियाशास्त्र शोधणे योग्य नव्हे. परंतु एकच पथ्य सर्वांना लागू पडत नाही हे निरीक्षण त्यात स्पष्ट आहे, आणि ते पुढे अनेकदा विसरले गेले.

युरोपात १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन यांनी मधुमेह्याची लघवी आटवली आणि उरलेला पदार्थ साखरेसारखा असल्याचे दाखवले. रोग्याच्या रक्तातील द्रवही त्यांना गोड लागला. साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती रक्तातूनच येते, असा त्याचा अर्थ होता. पुढची पायरी जॉन रोलो या ब्रिटिश तोफखान्यातल्या शल्यचिकित्सकाने गाठली. मेरेडिथ नावाचा एक स्थूल कॅप्टन त्यांच्याकडे १७९६ साली आला. रोलोंनी तर्क केला, की साखर वनस्पतिजन्य अन्नातून येत असेल, तर ते अन्नच बंद करावे. मेरेडिथला दूध आणि चुन्याची निवळी, अगदी थोडा पाव व लोणी, रक्त आणि चरबी घालून केलेल्या वड्या आणि बरेच दिवस ठेवलेले मांस असा आहार मिळू लागला. लघवीतली साखर कमी झाली. रोलोंनी १७९७ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कर्बोदके कमी करण्याच्या उपचाराची ही पहिली नीट नोंदलेली हकिगत. पथ्य चालले, पण ते इतके किळसवाणे होते की फार थोडे रोगी त्यावर टिकून राहत. ही अडचण पुढेही प्रत्येक वेळी आडवी आली.

१८७०-७१ च्या हिवाळ्यात पॅरिसला वेढा पडला आणि शहरात अन्नाचा तुटवडा झाला. तिथले वैद्य आपोलिनेर बुशार्दा यांच्या लक्षात आले की उपासमारीच्या त्या महिन्यांत काही मधुमेह्यांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. पिष्टमय पदार्थ कमी झाले म्हणून की एकूणच अन्न कमी झाले म्हणून? वेढ्याच्या प्रयोगात या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नव्हत्या. हा प्रश्न लक्षात ठेवावा. दीडशे वर्षांनंतरही आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

लंडनच्या एका गृहस्थाचे पत्र

मधुमेहासाठी निघालेले हे पथ्य वजन उतरवण्याच्या बाजारात आले ते १८६३ साली. विल्यम बॅंटिंग हे लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे एक प्रतिष्ठित व्यावसायिक. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाचे बंद बांधायला वाकता येईना आणि जिना उतरायचा तर उलटे तोंड करून उतरावे लागे. कान कमी ऐकू येतो म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वे पॅरिसला क्लोद बर्नार यांची व्याख्याने ऐकून आले होते. यकृत साखर तयार करते हा बर्नार यांचा शोध त्या काळी ताजा होता. हार्वेंनी बॅंटिंगना पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे वर्ज्य करायला सांगितले. सुमारे वर्षभरात त्यांचे ४६ पौंड वजन उतरले. आनंदाने त्यांनी स्वखर्चाने एक पुस्तिका छापली. ती इतकी गाजली की स्वीडिश भाषेत वजनासाठी पथ्य करण्याला आजही त्यांच्याच नावावरून 'बांता' म्हणतात.

बॅंटिंग पुढे ८१ वर्षांचे होऊन १८७८ साली वारले. त्यांची पुस्तिका प्रामाणिक होती. पण तो एका माणसाचा अनुभव होता. यश आलेला माणूस पुस्तिका लिहितो, आणि पथ्य अर्ध्यावर सोडणारे शंभर जण काहीच लिहीत नाहीत. वैद्यकातले पुरावे वाचताना ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

उपासमारीचा उपचार आणि इन्शुलिन

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन यांनी हे पथ्य टोकाला नेले. मधुमेह झालेल्या मुलांना लघवीतली साखर नाहीशी होईपर्यंत उपाशी ठेवायचे आणि नंतर जेमतेम तग धरता येईल एवढेच अन्न द्यायचे. एलिझाबेथ ह्यूज या मुलीला १९१९ साली, अकराव्या वर्षी मधुमेह झाला. ॲलन यांच्या उपचाराने ती तीन वर्षे जगली, पण पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचे वजन सुमारे २० किलोंवर आले होते. १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरंटोला तिला इन्शुलिन मिळाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले होते. एलिझाबेथ पुढे १९८१ पर्यंत, म्हणजे ७३ वर्षांची होईपर्यंत जगली.

या घटनेचे दोन्ही अर्थ खरे आहेत. पथ्याने तिला इन्शुलिन येईपर्यंत जिवंत ठेवले. परंतु तिच्या आजाराचे मूळ स्वादुपिंडात होते, ताटात नव्हते. म्हणून पथ्य तिला बरे करू शकले नाही. मधुमेहाचे दोन प्रकार आहेत हे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली प्रयोगाने दाखवले. काहींना इन्शुलिन कमी पडते, तर काहींच्या शरीरात ते असूनही नीट काम करत नाही. सुश्रुताचा कृश रोगी आणि स्थूल रोगी येथे नव्या रूपात पुढे आले असे कुणाला वाटले, तर त्यात नवल नाही.

याच सुमारास या पथ्याला एक ठाम जागा मिळाली. १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी अत्यल्प कर्बोदके व भरपूर स्निग्ध पदार्थ असा आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या काही बालरुग्णांसाठी तो आजही वापरला जातो. अर्थात डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, आणि मोजूनमापून.

शरीरात काय घडते?

भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो. लाळेतल्या अमायलेजने पिष्टाचे तुकडे पडून माल्टोज ही साखर तयार होते. वर्गात करून पाहण्याजोगा हा प्रयोग आहे. पुढे आतड्यात ग्लुकोज तयार होऊन ते रक्तात येते, स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते आणि ग्लुकोज पेशींत शिरते. उरलेले ग्लायकोजेनच्या रूपाने साठते : यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. त्याहून जास्त असेल त्याची चरबी होते.

धान्य एकदम बंद केले की आधी हा साठा खर्ची पडतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, तेही निघून जाते. पहिल्या पंधरवड्यात काटा दोन किलो खाली आला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की उतरलेले बहुतेक वजन पाण्याचे असते. पुढे यकृत मेदाम्लांपासून कीटोन तयार करू लागते. मेंदूला एरवी रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. त्याची बरीचशी भूक कीटोनवर भागू शकते, आणि उरलेले ग्लुकोज यकृत प्रथिनांतून आणि चरबीतील ग्लिसरॉलपासून बनवते. म्हणजे शरीर चालते. शिवाय प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांनी पोट लवकर भरल्यासारखे वाटते, त्यामुळे माणूस एकूणच कमी खातो.

आता फळ्यापाशी आलेल्या घेरीचे कारण सांगता येते. त्या गुरुजींची गोळी स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या गटातली होती. अन्नातून येणारे ग्लुकोज घटले, पण गोळीचे प्रमाण तेवढेच राहिले, आणि रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली गेली. दोष पथ्याचा होता तसाच डॉक्टरांना न सांगता पथ्य सुरू करण्याचाही होता.

आपल्याकडचा दुसरा इतिहास : धान्य न मिळण्याचा

आतापर्यंतची कहाणी पोटभर खाणाऱ्यांची झाली. आपल्या मुलखातला आहाराचा इतिहास मुख्यतः उलट्या टोकाचा आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारी कामावर येणाऱ्या मजुरांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य मिळेल एवढ्यावर आणली. तेवढ्यावर माणूस जगेल, पण खडी फोडू शकणार नाही, शिवाय धान्याबरोबर डाळही हवी, असे मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी निक्षून सांगितले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या मजुरीविरुद्ध काम बंद करून निषेध केला. आहारशास्त्रातला वाद भुकेल्या माणसांच्या जिवाशी कसा निगडित असतो याचे हे आपल्या घरचे उदाहरण.

पुढे लक्ष प्रमाणाकडून प्रतीकडे वळले. १८९७ च्या सुमारास जावामध्ये आइकमन यांना दिसले की सडलेल्या, म्हणजे कोंडा काढून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंड्याने तो बरा होतो. दक्षिणेत कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० च्या दशकात उंदरांना भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण घातले. अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, डाळ व भाजी खाणारे उंदीर धट्टेकट्टे निघाले. मुख्यतः सडलेल्या भातावर वाढलेले खुरटले. लक्षात घ्यावे, की पहिल्या गटाच्या जेवणातही पिष्टमय पदार्थ भरपूर होते. फरक होता तो धान्यातून काय काढून टाकले आणि धान्यासोबत काय होते याचा.

यापुढचा अध्याय आपल्या मराठी माणसाचा आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. संख्याशास्त्रज्ञ म्हणून ते १९५१ पासून १९७० पर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्या काळी जगात प्रथिनांचा भयंकर दुष्काळ पडला आहे अशी हाकाटी होती. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने येऊ घातलेल्या प्रथिनसंकटावर अहवालच काढला. सुखात्मे यांनी आहारपाहण्यांचे आकडे नीट मांडून दाखवले, की भारतात प्रथिने कमी पडणारी बहुतेक माणसे मुळात उष्मांक कमी पडणारी माणसे आहेत. पोटभर भाकरी आणि डाळ मिळाली तर प्रथिनांचा तुटवडा बराचसा भरून निघेल. यामागचे शरीरक्रियाशास्त्र सोपे आहे : इंधन कमी पडले की शरीर प्रथिने जाळते. उपाशी मुलाला प्रथिनांची महाग भुकटी देणे म्हणजे सागवान चुलीत घालणे. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लॅरन यांनीही 'लॅन्सेट'मध्ये या प्रथिनप्रचारावर सडकून टीका केली. निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात येऊन काम करत राहिले.

१९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसे आजही आपल्या गावांत आहेत. त्यांच्यासमोर "धान्य हे विष आहे" असे म्हणणे केवळ उद्धटपणाचे नाही, ते चुकीचेही आहे. धान्याने त्यांना जगवले. पण म्हणून आजच्या माणसाने तेवढेच धान्य खावे असेही त्यातून सिद्ध होत नाही.

पुण्याजवळची बाळे आणि दोन डॉक्टरांचा फोटो

असे का, याचे उत्तर पुण्यात सापडले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. एवढ्या लहान बाळांच्या अंगावर चरबीही त्याच प्रमाणात कमी असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात स्नायू आणि पोटातील अवयव खूपच लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. दिसायला बारीक, पण प्रमाणाने चरबी जास्त, असे हे शरीर.

२००४ साली याज्ञिक यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबतचा आपला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा वजन-उंची निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. काटा सारखे वजन दाखवतो, पण आत काय आहे हे सांगत नाही. ग्लुकोज जाळणारे मुख्य कोठार स्नायूंचे; ते लहान असेल तर तेवढ्याच भाताने रक्तातली साखर जास्त चढते.

आता दुसऱ्या गुरुजींच्या आजोबांकडे येऊ. ते चुलीएवढी भाकरी खात आणि दिवसभर चिखलणी, मळणी, डोक्यावर भारे असे कष्ट उपसत. स्नायूंचे कोठार रोज रिकामे होई आणि रोज भरे. नातू दुचाकीवरून शाळेत येतो, खुर्चीवर बसतो, दिवसातून चार वेळा साखरेचा चहा पितो. भाकरी तीच राहिली, पण कोठार रिकामे करणारे काम गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. हा आजार आता केवळ शहरी उरलेला नाही.

आधुनिक पुरावा : दोन्ही पारडी

१९७२ साली अमेरिकेत रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने बॅंटिंगचे पथ्य पुन्हा गाजवले. सुदैवाने त्यानंतर नुसत्या पुस्तिकांवर भागले नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग झाले. २०१८ साली स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर केलेल्या प्रयोगात कमी कर्बोदकांच्या गटाचे सरासरी ६ किलो आणि कमी स्निग्धांशाच्या गटाचे ५.३ किलो वजन घटले. फरक नगण्य. एकाच गटात मात्र कुणाचे पंचवीस किलो उतरले, तर कुणाचे उलट वाढले.

मधुमेहात या पथ्याचा फायदा जास्त स्पष्ट आहे. २०२१ साली २३ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात सहा महिन्यांनी कमी कर्बोदकांच्या गटातील सुमारे ५७ टक्के, तर इतर गटांतील ३१ टक्के रुग्णांची साखर मधुमेहाच्या रेषेखाली आली. बारा महिन्यांनी मात्र हा फरक पुष्कळ ओसरला. रोलोंची जुनीच अडचण : माणसे पथ्यावर टिकत नाहीत.

दुसरीकडे ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० उष्मांकांचाच द्रव आहार दिला गेला. वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह मागे हटला, आणि १५ किलो वा अधिक वजन उतरलेल्यांपैकी तर ८६ टक्क्यांचा. या आहारात सुमारे ५९ टक्के उष्मांक कर्बोदकांचेच होते! बुशार्दांच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. स्थूल माणसाच्या यकृतातली व स्वादुपिंडातली जादा चरबी हटणे ही मुख्य गोष्ट. कर्बोदके कमी करणे हा तिथे पोचण्याचा एक रस्ता आहे, एकमेव रस्ता नव्हे.

आयुर्मानाचे काय? २०१८ साली अमेरिकेतील १५,००० हून अधिक प्रौढांच्या दीर्घ पाहणीत ५० ते ५५ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. त्याहून फार जास्त आणि फार कमी या दोन्ही टोकांना ते वाढले. कर्बोदकांच्या जागी मांस घेणाऱ्यांत मृत्यू वाढले, डाळी-दाणे घेणाऱ्यांत घटले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, पण दिशा कळते.

आपल्या देशातला सर्वांत उपयोगी पुरावा २०२५ साली आला. एक लाख एकवीस हजार प्रौढांच्या आहाराच्या अभ्यासात भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो असे दिसले, आणि त्यांतला मोठा वाटा सडलेला तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांचा. प्रथिनांतून मिळतात जेमतेम १२ टक्के. कर्बोदकांतले पाच टक्के उष्मांक डाळी, दूध-दह्याची प्रथिने यांतून घेतले तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचे आढळले. मात्र एकूण प्रमाण तेवढेच ठेवून भाताऐवजी नुसती भरडधान्ये खाल्ल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. नाचणीच्या प्रेमात असलेल्या आम्हांला हे वाचून थोडे वाईट वाटले. नाचणीत कॅल्शियम व तंतू उत्तम आहेत, ती जरूर खावी. पण भाताऐवजी नाचणीच्या तीन भाकऱ्या खाऊन साखर उतरेल ही अपेक्षा चुकीची.

मराठी मुलखात २०१८ च्या सुमारास एक वेगळाच वाद रंगला. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी मांडलेला दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेला. तर ऋजुता दिवेकर यांनी थोडेथोडे वारंवार खाण्याचा आणि घरचा वरणभात-तूप न सोडण्याचा पुरस्कार केला. घराघरांत दोन तट पडले. वाद मुख्यतः किती वेळा खावे याचा होता, पण त्याचा एक चांगला परिणाम झाला : चहाबरोबरची बिस्किटे आणि दर तासाचा चिवडा अन्नात मोजायचा असतो हे लोकांना कळले.

धोके कोणाला?

अत्यल्प कर्बोदकांच्या, म्हणजे दिवसाला २० ते ५० ग्रॅमच्या पथ्याचे धोके स्पष्ट सांगायला हवेत. इन्शुलिन किंवा स्वादुपिंडाला चेतवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर एकाएकी खाली जाऊ शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्यांबरोबर हे पथ्य केल्यास रक्तात आम्ल कीटोन धोकादायक प्रमाणात साचू शकतात, आणि त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने निदान चुकते. काहींच्या रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल बरेच वाढते. तंतू घटल्याने बद्धकोष्ठ होते. मुतखड्याची शक्यता वाढते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने मनाने वाढवू नयेत. गर्भवती, स्तनदा माता आणि वाढीची मुले यांनी हे पथ्य करू नये. आठवी-नववीतल्या मुली फोटोत बारीक दिसण्यासाठी भात-भाकरी सोडतात आणि त्याजागी काहीच खात नाहीत. शिक्षिकांनी याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. याज्ञिकांच्या बाळांची गोष्ट अशाच अर्धपोटी राहिलेल्या मातांपासून सुरू होते.

गारगोटीच्या ताटाचे गणित

शेवटी थोडा हिशेब करू. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला दिवसाला २००० उष्मांक लागतात असे धरू. त्यांतले ६२ टक्के म्हणजे १२४० उष्मांक कर्बोदकांचे. एका ग्रॅमला चार उष्मांक, म्हणून ३१० ग्रॅम. हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणायचे तर २५० ग्रॅम. फरक फक्त ६० ग्रॅमचा. तेवढी कर्बोदके सुमारे ७५ ते ८० ग्रॅम कच्च्या तांदळात असतात, किंवा साधारण दीड भाकरीत. म्हणजे दिवसातून दीड भाकरी किंवा एक वाढप भात कमी. त्याजागी मूठभर, म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे, एक अंडे आणि एक लहान वाटी दही घेतले तर उष्मांक जवळजवळ तेवढेच भरतात आणि सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात. वगळलेल्या तांदळातली सहा ग्रॅम प्रथिने वजा केली तरी आठ ग्रॅमचा निव्वळ लाभ. अंडे चालत नसेल तर मोड आलेल्या कडधान्याची दाट उसळ आहेच. तिच्यातही कर्बोदके असतात, पण ती सावकाश पचतात. चहातली साखर कमी केली तर हिशेब आणखी सोपा होतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनेही तृणधान्यांचा वाटा ४५ टक्के उष्मांकांपर्यंत आणावा व डाळी, अंडी, मासे, मांस यांचा वाढवावा असेच सुचवले आहे.

हे गणित कागदावर सोपे आहे, बाजारात नाही. जानेवारी २०२३ पासून शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळते. डाळ मात्र विकत घ्यावी लागते. शाळेच्या पोषण आहारातही उच्च प्राथमिकच्या मुलासाठी १५० ग्रॅम धान्याला ३० ग्रॅम डाळ हे प्रमाण आहे, पाचास एक. सुखात्मे यांच्या काळात प्रश्न धान्य पोचवण्याचा होता आणि तो आपण बऱ्याच अंशी सोडवला. त्यानंतरचा प्रश्न धान्याशेजारी डाळ, दाणे, दूध पोचवण्याचा आहे. एका माणसाने भात सोडून तो सुटणार नाही. आणि भाताच्या रोपांत कमरेत वाकून दिवस काढणाऱ्या बाईला या लेखातली दीड भाकरीची वजाबाकी लागूच नाही; तिला भाकरी पुरेशी हवी आणि वर डाळही हवी.

गारगोटीचे ते गुरुजी निघताना आमच्याशी पुन्हा बोलले. त्यांना आम्ही डॉक्टरांकडे जाऊन गोळीचे प्रमाण तपासून घ्यायला सांगितले, आणि धान्य अजिबात बंद न करता निम्मे करावे असे सुचवले. "म्हणजे रात्रीची एक भाकरी चालेल?" त्यांनी विचारले. चालेल, म्हटले, पण जेवणानंतर नदीपर्यंत चालून या. मौनी विद्यापीठाच्या या गावात जे. पी. नाईक यांनी शिक्षण माणसाच्या जगण्याशी जोडण्याचा प्रयत्न केला होता. आहाराचा धडा त्याच रीतीने शिकवता येईल. विद्यार्थ्यांनी एक आठवडाभर आपापल्या घरचे ताट मोजावे, धान्य किती आणि डाळ किती याचा तक्ता करावा, आणि घरात कोण किती कष्ट करते तेही त्याच तक्त्यात लिहावे. मग भात सोडावा का, याचे उत्तर प्रत्येक घरासाठी वेगळे येते हे त्यांना आपोआप दिसेल.